वळणापर्यंत

समुद्राकडच्या त्या घरात येऊन तीन दिवस झाले होते, तेव्हा अप्पांनी रंधा मागितला.

सगळे स्वयंपाकघरात चहा घेत होते. मागचं दार दमट हवेनं फुगून चौकटीत अडकायचं. थोरल्या मुलानं ते खांद्यानं रेटून उघडलं आणि घरमालकिणीला सांगून एखादा सुतार बोलवायला हवा, असं म्हणाला. अप्पा कपातून तोंड वर न काढता म्हणाले, "सुतार कशाला? रंधा आण. खालची कड जरा उतरवली की झालं."

आईच्या हातातली गाळणी तशीच राहिली. अप्पांचा सगळा जन्म चष्म्याच्या काचा घासण्यात गेला होता. बाजारात त्यांचं छोटं दुकान होतं आणि काचेतला केसभर चढउतार त्यांच्या अंगठ्याला कळायचा. पण लाकडाशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. घरात खिळा ठोकायचा झाला तरी ते शेजाऱ्यांना हाक मारत. आणि गेल्या वर्षभरात तर काचाही हातातून गेल्या होत्या. विसरणं सुरू झालं ते किल्ल्यांपासून. मग गल्ल्या गेल्या, मग नावं गेली. अलीकडे ते आईकडे असे बघायचे, जणू ती खिडकीत बसलेली कारकून आहे आणि त्यांचा नंबर अजून आलेला नाही.

इथे रंधा कुठून येणार, असं थोरला म्हणाला. अप्पा उठले. जिन्याखालच्या अंधाऱ्या खणात वाकले, मागच्या फळ्या बाजूला सारल्या आणि त्यांच्याआडून एक लाकडी पेटी ओढून बाहेर काढली. त्या फळ्यांमागे काही आहे हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

रस्ता रुंद होणार म्हणून आई-अप्पांचं जुनं घर पाडायला निघालं होतं, आणि त्यांनी आता कुठे राहायचं यावरून मुलांमध्ये दोन तट पडले होते. थोरला मोठ्या शहरात लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. त्याच्याच मजल्यावर समोरची जागा रिकामी झाली होती. दवाखाना हाकेच्या अंतरावर, खाली औषधांचं दुकान, आणि रात्री-अपरात्री दार वाजवलं तर मुलगा समोर, हे त्याचं म्हणणं. धाकटी इथल्या एका हॉटेलात स्वागतकक्षात बसायची. शहरात अप्पा रस्ता ओलांडताना गाडीखाली येतील, असं ती म्हणायची. इथे हवा मोकळी, रस्ते सरळ, आणि हरवायचं म्हटलं तरी माणूस हरवणार कुठे, एका अंगाला समुद्रच आहे. सून नर्स होती. ती उघड काही बोलली नव्हती, पण तिचं मन नणंदेच्या बाजूनं होतं. ड्यूटीवरून घरी आल्यावर सासऱ्यांचं सगळं कोणाच्या गळ्यात पडणार हे तिला पक्कं ठाऊक होतं.

शेवटी आईनंच तोडगा काढला होता. हे घर भाड्यानं घ्यायचं तर आधी आठवडाभर राहून बघू. मालकिणीनंही हरकत घेतली नाही.

आणि पहिल्याच दिवसापासून धाकटीचं पारडं जड झालं. जुन्या घरात, जिथे सगळा संसार झाला, तिथे अप्पांना न्हाणीघर सापडायचं नाही. इथे गाडीतून उतरल्या उतरल्या ते कोणाला न विचारता बोळातून सरळ गेले, भिंत न चाचपडता दिवा लावला, हातपाय धुऊन आले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोटभर खाल्लं. समुद्राकडे बघून वारा आज फिरणार म्हणाले, आणि दुपारी तो खरंच फिरला. धाकटीचे डोळे भरून आले. हवेचा गुण, असं ती म्हणत राहिली.

आईलाही बरं वाटत होतं. एकच गोष्ट तिला खटकत होती. हंगाम संपल्यामुळे गावातली दुकानं बंद होती, हॉटेलांच्या गच्च्यांवर खुर्च्या उलट्या करून ठेवल्या होत्या, आणि भर दुपारी त्या लख्ख उन्हात रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. समुद्र घराच्या समोर होता, पण त्याचा आवाज मागून यायचा. मागे टेकडी आहे, तिच्यावर आदळून आवाज परत येतो, असं धाकटीनं समजावलं. आईला ते पटलं. तरी भांडी घासताना ती दर थोड्या वेळानं मागे वळून बघायची.

*

थोरल्यानं दार बिजागऱ्यांतून काढून मागच्या अंगणात दोन स्टुलांवर आडवं ठेवलं. अप्पांनी रंध्याचं पातं अंगठ्यानं तपासलं, दोनदा ठोकून बसवलं आणि एका लांब हातात कड उतरवली. लाकडाची साल कागदासारखी वळत खाली पडली.

"आता तू," ते म्हणाले.

थोरल्याचे हात कामाचे होते. लिफ्टच्या खोल्यांत, तेलात आणि तारांत त्याची वर्षं गेली होती. पण त्याला लाकूड नवीन होतं. रंधा अडकला, दाराच्या कडेला ओरखडा उठला. अप्पा रागावले नाहीत. त्यांनी त्याचा हात धरला आणि रंध्याची दिशा फिरवली. "रेघेच्या उलट गेलास की लाकूड दात दाखवतं. असा ये. दम धर जरा."

लहानपणी तो दुकानात गेला की अप्पा म्हणायचे, लांब उभा राहा, काचेला बोट लागेल. त्यांच्या दोघांमध्ये कायम एक काच असायची, ती पुसलेली आणि त्याची बोटं मळकी. आज पहिल्यांदा ते त्याच्या खांद्याला खांदा लावून उभे होते. तासभर दोघं काम करत होते. कुठल्या लाकडाला पाणी लागतं, कुठलं पाण्यात मुरून उलट घट्ट होतं, होडीच्या पोटाला फळी कशी वाकवायची, अप्पा सांगत होते आणि तो ऐकत होता. हे त्यांना कुठून कळलं, हा प्रश्न त्याच्या मनात येत होता. तो विचारत नव्हता. विचारलं की हे थांबेल, अशी त्याला भीती वाटत होती.

दार पुन्हा बसवलं. ते बोटाच्या धक्क्यानं मिटलं. अप्पा समाधानानं हसले आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

"हात चांगला आहे तुझा, पोरा. मला मूलबाळ झालं नाही. झालं असतं तर तुझ्याएवढं असतं आता."

थोरला खाली वाकून लाकडाच्या साली गोळा करू लागला. सगळ्या गोळा झाल्या तरी तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

*

संध्याकाळी मालकीण आली. नळाला पाणी नीट येतं का ते बघायला आले, म्हणाली. चणीनं लहान, पांढऱ्या केसांची, भरभर चालणारी बाई. तिचा नवरा होड्या बांधायचा. दोन वर्षांपूर्वी याच घरात, दुपारच्या झोपेत तो गेला, तेव्हापासून ती गावात औषधांच्या दुकानावरच्या खोलीत राहत होती.

ती अंगणाच्या फाटकातून आत आली, तेव्हा पायरीवर अप्पा आणि सून बसले होते. अप्पांनी हात कपाळाशी नेऊन बघितलं.

"खिट्टी, आज उशीर केलास."

मालकीण चालता चालता थांबली. मग फाटकाला धरून हळूहळू खालीच बसली. सून धावली. तिनं नाडी बघितली, पाणी आणलं. मालकीण तिच्याकडे बघतच नव्हती. तिची नजर अप्पांवर खिळली होती. मग ती सुनेला हलक्या आवाजात म्हणाली की दाराला खिट्टी असते ना, तेवढीशी, पण एकदा बसली की हलत नाही, म्हणून नवरा तिला तसं म्हणायचा. लग्नाच्या आठवड्यातच ठेवलेलं नाव.

"चारचौघांत कधी नाही म्हणाला. घरातल्या घरात फक्त."

सुनेनं ते ऐकून घेतलं आणि मनात एक एक गोष्ट तपासत गेली. तिचं कामच तसं होतं. अप्पा कप डाव्या हातानं धरत होते. दाढीही त्यांनी सकाळी डाव्या हातानं केली होती. तिच्या लग्नापासून तिनं त्यांना उजव्या हाताशिवाय काही करताना पाहिलं नव्हतं. तिनं सहज विचारल्यासारखं करून मालकिणीला विचारलं, तुमचे मिस्टर डावखुरे होते का.

मालकिणीनं होकारार्थी मान हलवली.

सुनेनं विसरलेली माणसं खूप पाहिली होती. वॉर्डात कोणी तिला आई म्हणायचं, कोणी बहीण. एका आजोबांना आपण स्टेशनवर आहोत असं वाटायचं आणि ते तिच्याकडे गाडीची वेळ विचारायचे. पण त्यांच्या त्या गोष्टी तुटक असायच्या, फाटक्या कपड्यासारख्या. अप्पांचं तसं नव्हतं. त्यांचं सगळं धडधाकट होतं. फक्त ते त्यांचं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मालकीण रोज येऊ लागली. आधी निमित्त सांगायची, मग तेही सोडलं.

*

निर्णय घ्यायला बसले ते शेवटच्या आदल्या दिवशी, दुपारी. बाहेर पायरीवर अप्पा आणि मालकीण बोलत होते, आणि मधूनमधून अप्पांचं हसणं आत ऐकू येत होतं. ते हसणंही नवीन होतं, खोल, छातीतून येणारं.

आईला वाटलं होतं, मुलगी एकीकडे आणि मुलगा दुसरीकडे ओढेल, नेहमीप्रमाणे. झालं भलतंच. सुनेनंच आधी तोंड उघडलं. शहरातली समोरची जागा आजच नक्की करू, ती म्हणाली. ती दिवसपाळी मागून घेईल, अप्पांचं सगळं ती बघेल, पण इथे एक दिवसही जास्त राहायचं नाही. धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. वहिनी आपल्या बाजूची आहे असं ती धरून चालली होती. आणि थोरला, जो महिनाभर शहर शहर करत होता, तो खिडकीबाहेर बघत म्हणाला की घाई कशाला, अजून थोडे दिवस बघू.

"अहो, काय बघायचंय?" सून म्हणाली. "माणूस बरा झाला की आपल्याकडे परत येतो. हे आपल्याकडे आलेत का? आईंना एकदा तरी हाक मारली त्यांनी इथे आल्यापासून?"

 बाहेर अप्पा पुन्हा हसले.

धाकटीचा तोल गेला तो तेव्हा. ती म्हणाली की जुन्या घरी ते भिंतीकडे बघत बसायचे, इथे जेवतात, चालतात, काम करतात. कोणाचं का आठवेना, आठवतंय ना. मग ती आईकडे वळली. "तुला ते बरे झालेले नकोच आहेत, आई. आजारीच हवेत, तुझे असले म्हणजे झालं."

थोरल्यानं तिला गप्प केलं. पण शब्द बाहेर पडले होते, आणि आईच्या मनात ते खोल जाऊन बसले, कारण त्यात खोटं काही नव्हतं. ती उठून मोरीपाशी गेली आणि धुतलेलेच कप पुन्हा धुऊ लागली.

तेवढ्यात मालकीण आत आली. दारातच उभी राहिली. तिनं सगळं ऐकलं होतं, आणि ते लपवायचा प्रयत्न तिनं केला नाही. ती फक्त आईशी बोलली, जणू खोलीत दुसरं कोणी नव्हतंच.

"तुम्ही शहरात जा. त्यांना इथे राहू द्या. मी बघीन त्यांचं. तुम्हाला तिकडे त्यांचं काय मिळणार आहे? नुसतं अंगच ना?"

सून पुढे झाली. आईनं तिला हातानं थांबवलं. राग यायला हवा होता, पण तिला समोरच्या बाईचे हात दिसत होते. त्यांना अप्पांच्या हातांसारखाच लाकडाचा भुगा लागला होता. आईनं पदराला हात पुसले आणि ती मालकिणीच्या शेजारून बाहेर गेली.

अप्पा पायरीवर बसले होते. समुद्र खूप आत गेला होता, वाळू ओली होती, आणि लाटांचा आवाज टेकडीकडून येत होता. आई शेजारी बसली. त्यांनी जागा करून दिली, जरा सरकून, परक्या बाईला देतात तशी.

"मला ओळखता ना?" तिनं विचारलं.

"ओळखतो की. आठवड्यासाठी आलेल्या पाहुण्या तुम्ही. मुलं चांगली आहेत तुमची."

 अप्पांनी तिच्याकडे नीट बघितलं. त्या नजरेत माया होती, पण तिच्या ओळखीची नव्हती.

"तुमचे मिस्टर नाही आले?"

ती समुद्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्यांना बरं नसतं. विसरतात."

"मग एकटं कशाला ठेवलंत त्यांना?" ते म्हणाले. आवाजात थोडी नाराजी होती. "विसरणाऱ्या माणसाला एकटं ठेवू नये, बाई. त्याला वाटतं, आपल्यालाच विसरले सगळे. जा, घेऊन या त्यांना."

आईनं पदर सावरला. उठताना तिनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते सभ्यपणे हसले.

आत येऊन तिनं सांगितलं की उद्या सकाळी निघायचं, शहरात. तिच्या आवाजात असं काही होतं की धाकटीनंही वाद घातला नाही. मालकीण भिंतीला पाठ लावून उभी होती. ती इतकंच म्हणाली, "तो येणार नाही तुमच्याबरोबर."

*

सकाळी बॅगा गाडीत गेल्या आणि अप्पा दारात उभे राहून सगळ्यांना निरोप देऊ लागले. सावकाश जा. पुन्हा या. हंगामात या, तेव्हा गाव बघण्यासारखं असतं. त्यांनी कोट घालायला नकार दिला, कारण त्यांना कुठे जायचंच नव्हतं. थोरला गाडीची किल्ली हातात घेऊन तसाच उभा राहिला. बापाला उचलून गाडीत कोंबायची त्याची छाती होईना.

मार्ग सुनेनंच काढला. ती अप्पांजवळ गेली आणि हसून म्हणाली, "आम्हाला वळणापर्यंत सोडायला चला ना. आम्हाला रस्ता नीट माहीत नाही."

पाहुण्यांसाठी एवढंही करायचं नाही म्हणजे काय? ते लगेच निघाले. दारातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून मालकिणीला सांगितलं की आलोच.  तिचा हात दाराच्या चौकटीवर होता. धाकटी तिच्या शेजारी उभी होती. ती गाडीपर्यंतही आली नाही.

मागच्या सीटवर अप्पा आई आणि सुनेच्या मध्ये बसले. किनाऱ्याचा रस्ता संपला आणि गाडी टेकडीला वळली.

"हां, इथेच," अप्पा म्हणाले. "थांबवा. मी उतरतो."

थोरल्यानं गाडी थांबवली नाही. आरशात आईला त्याचे डोळे दिसले आणि तिनं नजर खाली केली. अप्पांनी पुन्हा सांगितलं, आता जरा मोठ्यानं. मग त्यांनी आईचं मनगट धरलं, डाव्या हातानं, आणि ती पकड एवढी घट्ट होती की तिला कळ आली.

"बाई, त्यांना सांगा. ती वाट बघतेय."

आईनं सांगितलं नाही. गाडी चढ चढली. माथ्यावर आल्यावर आधी मनगटावरची पकड सुटली. मग त्यांचे खांदे उतरले, तोंड किंचित उघडं राहिलं, आणि डोळ्यांत ते जुनं रिकामेपण परत आलं. हे इतकं एकदम झालं की कोणीतरी चालत्या गाडीतून उतरून गेल्यासारखं आईला वाटलं. तिनं चटकन मागच्या काचेतून बघितलं. सुनेनंही बघितलं. उतारावर ऊन पडलं होतं आणि रस्ता रिकामा होता.



*

शहरातली ती समोरची जागा खूप उंचावर होती. खालून दिवसभर हॉर्न, समोरच्या इमारतीत कोणाचं तरी कायम चाललेलं ड्रिल, आणि लिफ्टचं दार उघडलं की येणारा टिंग असा आवाज. अप्पा भिंतीकडे तोंड करून बसायचे. आई त्यांना भरवायची, पुसायची, बोलत राहायची. सून कामावरून आली की आधी समोरच्या दारात डोकवायची. दोघींमध्ये आता सासू-सुनेचं काही उरलं नव्हतं. एकाच गोष्टीच्या दोन साक्षीदार असाव्यात तशा त्या वागायच्या. थोरला मात्र पहिले काही आठवडे बापाजवळ बसायचा, त्यांचे हात हातात घेऊन, आणि मग तेही कमी झालं. धाकटीचा फोन आठवड्याला यायचा. ती अप्पांची चौकशी करायची, आईची नाही.

धाकटी खरं बोलली होती का, हे आई रोज स्वतःला विचारायची. चांगला धडधाकट माणूस मोडून तिनं हे काय घरी आणलं होतं? कधीकधी दुपारी तिला वाटायचं की आपण चोरी केली. मग वाटायचं, चोरी झाली होती ती आपली.

एका सकाळी दार वाजलं. मालकीण उभी होती. पहाटेची बस धरून आली होती. केस नीट बांधलेले, अंगावर चांगली साडी. एकदा बघून जाते, म्हणाली. नाही म्हणणं आईच्या जिवावर आलं. तिनं तिला आत घेतलं.

अप्पा खुर्चीत होते. मालकीण त्यांच्यासमोर खाली बसली आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिनं स्वतःचं ते नाव सांगितलं, एकदा, मग पुन्हा, हलकेच. अप्पांच्या डोळ्यांत काहीच हललं नाही. मग त्यांनी मान वळवली, कष्टानं, जड काहीतरी सरकवावं तशी, आणि आईला शोधलं.

"कोण आलंय गं?" त्यांनी विचारलं.

गं. वर्षभरात पहिल्यांदा. आई पुढे झाली. तिनं नुसता त्यांचा हात धरला. मालकिणीसमोर रडू नये एवढंच तिच्या मनात होतं.

पण मालकीण रडत नव्हती. ती उठली होती. आईनं मान वर केली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर दुःख नव्हतं. उलट एवढ्यात तो चेहरा कितीतरी तरुण झाला होता.

"यांच्यात नाहीये तो," ती म्हणाली. "म्हणजे घरातच आहे."

आईनं चहाचं विचारलं. तिला थांबायचं नव्हतं. दुपारची बस मिळाली तर उजेडात पोचेन, असं म्हणत ती चपला घालू लागली आणि घाईघाईत त्या उलट्या पायांत गेल्या. लिफ्टची वाट न बघता ती जिन्यानंच निघाली. आई गॅलरीत येऊन उभी राहिली. खाली गर्दीत ती छोटी आकृती दिसली, रस्ता ओलांडताना, गाड्यांमधून वाट काढत. म्हातारी बाई, पण कोणीतरी हाक मारल्यासारखी धावत निघाली होती.